खाली न ठेवलेली बाटली

पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, टाळकऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत कडावचे सहदेवकाका असायचेच. बुवांचा आवाज शेवटच्या चरणाला जरासा बसला, तरी इकडं काकांच्या कपाळाला आठी पडायची. अशा माणसाच्या घरी लेक जन्मली हर्षला, आणि तिला टाळांपेक्षा इंजिनाचा नाद गोड. लहानपणी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं शेकड्यानं कीर्तनं झोपून काढली. काका म्हणायचे, "पोरगी लाखात एक हाय, पण कीर्तनातलं एक अक्षर तिच्या कानात शिरलं आसंल तर शपथ."

आता हीच पोरगी बंद धावपट्टीवर सरळ रेषेत गाडी पळवायच्या शर्यतीत उतरत होती. गाडी निम्मी खालापूरच्या इद्रिसची, निम्मी नेरळच्या कमलेशची, आणि चालवणारी हर्षला. गेल्या हंगामात ती फायनलला पोचली आणि तिथंच हरली. कमलेशनं तेव्हाच सांगून टाकलं होतं, यंदा फायनल गेली तर पुढच्या वेळी स्टिअरिंगवर मी बसणार.

म्हणून त्या सकाळी इद्रिसच्या गॅरेजात खल चालला होता. फळीवर दोन निळ्या बाटल्या उभ्या होत्या, एक मोठी, एक तिच्या निम्म्यानं. आत नायट्रस.

"हे नक्की करतं काय रं?" काकांनी विचारलं.

"काका, चुलीत फुंकणी मारली की जाळ कसा उठतो? तसंच. ही हवा इंजिनात शिरली की पेट्रोल जास्त जळतं, गाडी उसळते. पण फक्त शर्यतीत बरं का. रस्त्यावर बाटली बंद." इद्रिसनं लहान बाटलीवर टिचकी मारली. "हिनं मागल्या वेळी दगा दिला. दर धावेला वायू निघतो, बाटली गार पडते, दाब उतरतो. दोन धावा झकास, तिसरीला गाडी निम्म्यात मरगळली. आणि मैदानावर भरून मिळत नाय. म्हणून मी म्हणतो, मोठी बसवू. तिचा दाब लवकर पडत नाय."

"मोठी भरली की अकरा-बारा किलो," हर्षला म्हणाली. "आमी गाडीतली मागची सीट काढली, कार्पेट काढलं, दाराच्या आतलं पत्र्यापर्यंत सोललं. ते काय हे पोतं पाठीवर घेऊन पळायला? समोरचा केसाच्या अंतरानं जिंकतो, इद्रिसभाई."

"आणि लहान घेऊन परत फायनलला फुस्स झालं तर?"

हर्षलानं लहान बाटली उचलून परत फळीवर ठेवली. मग बापाकडं वळली. "बाबा, तुमी सांगा."

इतक्या मोठ्या कामात लेकीनं आपल्याला विचारलं, याचंच काकांना अप्रूप. त्यांनी दोन्ही बाटल्यांवर हात फिरवला, बाजारात वासरं निरखावीत तसा. "माझं म्हननं, पावने येनार आसतील तर टोप मोठाच चढवावा. उरलं तर उरलं, कमी पडाया नको."

"बघ," इद्रिस म्हणाला. "घरचं मत माझ्या बाजूनं."

"घरचं मत जेवनावळीचं हाय," हर्षला म्हणाली. "विचार करून सांगते."

त्याच आठवड्यात कडावच्या देवळात हरिनामाचा सप्ताह बसला होता. सात दिवस वीणा वाजत राहणार आणि सात दिवस तिला जमीन लागणार नाही, हा नेम. दुपारचा पहारा काकांचा. सोनुबाईंनी, म्हणजे काकांच्या मंडळींनी, चहाचा थर्मास हर्षलाच्या हातात देऊन तिला देवळात पिटाळलं.

ती आली तेव्हा काका गळ्यात वीणा घालून संथ पावलं टाकत होते. तारेवरचं बोट थांबत नव्हतं. पुढचा पहारेकरी पोशा अंघोळ करून, टिळा लावून केव्हाचा खांबाशी बसला होता. वेळ झाली तसा तो उठला. दोघं एकमेकांच्या पाया पडले. पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात गेला, आणि एका बोटाखालून तार दुसऱ्या बोटाखाली गेली. नाद कुठं तुटलाच नाही.

काका पायरीवर येऊन टेकले. चहा ओतता ओतता हर्षला म्हणाली, "पोशाकाका आधीच येऊन बसलेले?"

"मग? मागचा दमायच्या आधी पुढचा तयार पायजे. सात दिस एकट्याच्या खांद्यावर वीणा कोन नेईल गं? येवढा धिप्पाड मानूस आनायचा कुठून?"

हर्षलाचा हात तसाच राहिला. कप भरून चहा बशीत, बशीतून पायरीवर. मग तिनं थर्मास बाजूला ठेवला आणि इद्रिसला फोन लावला.

"इद्रिसभाई, मोठी नको. लहानच घ्या, पण दोन. पहिल्या दोन धावा एकीवर काढू. ती थकायच्या आत काढून फायनलला दुसरी चढवू. ओझं कायम एकाच लहान बाटलीचं, दाब मात्र ताजा."

पलीकडून इद्रिसचा आवाज काकांनाही ऐकू येत होता. "बाटली बदलायला वेळ मिळेल, ते ठीक. पण दुसरी उन्हात तापली तर दाब भलताच चढेल, इंजिनाची वाट लागेल. सावलीत, ओल्या फडक्यात, दाबाच्या काट्यावर नजर ठेवून कुणीतरी बसायला हवं. माझे हात गाडीत."

हर्षलानं बापाकडं पाहिलं. "हाय एक जण. पहाऱ्याची सवय हाय त्यांना."

आपलं मोठ्या टोपाचं मत पडलं, याचं काकांना सुतभरही वाईट वाटलं नाही. मांडीवर झोपणाऱ्या पोरीच्या कानात काय काय शिरलं होतं, ते त्यांना आज कळत होतं. त्यांनी उपरण्यानं उगाच पायरीवरचा चहा पुसला.

शर्यतीच्या दिवशी ऊन असं, की धावपट्टीवर हवा लहरत होती. इद्रिसनं काकांच्या हाती बाटली दिली. "काटा या हिरव्या पट्ट्यात राहिला पाहिजे. वर चढला तर पाणी, फार खाली आला तर फडकं काढा."

काकांनी उपरणं भिजवून बाटलीला गुंडाळलं आणि टेंपोच्या सावलीत बसले, बाटली मांडीवर. पहिली धाव हर्षलानं मारली. दुसरीही मारली. काकांनी दोन्ही वेळा मान वर केली नाही. फायनल लांबली, पट्टीवर सांडलेलं तेल पुसायचं होतं. सावली सरकली तसे काका सरकले. काटा पट्ट्याच्या कडेला आला की ओंजळभर पाणी.

शिट्टी गळ्यात अडकवलेला एक पोरसवदा स्वयंसेवक म्हणाला, "काका, ती खाली ठेवा की. हात भरून आले असतील."

"खाली ठेवायची नाय ती."

"कुणी सांगितलं?"

"आमच्याकडं पद्धत हाय."

स्वयंसेवक इद्रिसकडं बघू लागला. इद्रिसनं हसू दाबून मान डोलावली. "आहे, त्यांच्याकडं आहे."

बोलावणं आलं. इद्रिसनं जुन्या बाटलीचा व्हॉल्व्ह बंद केला, नळीतला उरलेला वायू सोडला, बाटली काढून काकांच्या एका हातात दिली आणि दुसऱ्या हातातली नवी घेतली. काटा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध होता. गाडीतून हर्षलानं हेल्मेटची काच वर केली, बापाकडं पाहून डोळे मिटून उघडले, आणि काच पाडली.

दिवा हिरवा झाला. काकांसमोर माणसांची भिंत उभी राहिली, त्यांना गाडीचं टपही दिसेना. ते जागेवरच थांबले, जुनी बाटली छातीशी धरून, आणि त्यांनी डोळे मिटले. दोन आवाज निघाले. एक भरडा, एक बारीक. बारीक आपला. मध्यावर दोन्ही वर चढले. मागल्या वेळी इथंच आवाज बसला होता. काका वाट बघत राहिले. भरडा आवाज होता तिथंच राहिला. बारीक आवाज चढतच गेला आणि शेवटच्या चरणापर्यंत उतरला नाही.

कर्ण्यावरून नाव पुकारायच्या आतच काका शेजारच्या माणसाला म्हणाले, "आमची हर्षला आली."

"तुम्हाला कसं कळलं? दिसलं का?"

"दिसतंय कशाला? ऐकलं की."

मग कर्ण्यानंही तेच सांगितलं. भिंत फुटली, माणसं धावली. गर्दीतून कमलेश आला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "पुढच्या हंगामात मी बाटल्या धरतो, काका. स्टिअरिंग तिचंच." हर्षला हेल्मेट काखेत मारून आली, केस घामानं कपाळाला चिकटलेले. ती पाया पडायला वाकली, तर काकांना तिच्या डोक्यावर ठेवायला हात मोकळा नव्हता.

"बाबा, तिचं काम झालं. आता तरी ठेवा."

काकांनी ओलं उपरणं झटकून त्याची चौपदरी घडी केली, सावलीत अंथरली, आणि तिच्यावर बाटली अलगद टेकवली. मग दोन्ही हात लेकीच्या डोक्यावर ठेवले.