सुपरचार्जरवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना सुपरचार्जर आहे. सध्या माझा मुक्काम गॅरेजमधल्या फळीवर, ग्रीसच्या डब्यांशेजारी असतो. इंजिनाला जळायला हवा लागते. ती दाबून, ठासून त्याच्या पोटात भरणं हे माझं काम होतं. जास्त हवा, जास्त ताकद. मला फिरवायला इंजिनावरूनच एक रबरी पट्टा येत असे.

आमच्या शर्यतीच्या गाडीचं सगळं घरचंच होतं. गाडी चालवायच्या वहिनी, आणि तिची देखभाल करायचा त्यांचा धाकटा दीर. वहिनी त्यांना 'भावजी' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. भावजींनी मला लेकरासारखं पुसून गाडीवर बसवलं. पहिल्याच फेरीनंतर वहिनी हेल्मेट काढत म्हणाल्या, "भावजी, पाय टेकायचा अवकाश, गाडी उडतेच हो!"

मी फुगून गेलो. पुढे कितीतरी मैदानं आम्ही तिघांनी गाजवली.

मग जोड-सुपरचार्जरच्या गाड्या येऊ लागल्या. खरं सांगायचं तर त्यांच्यात दम होता. इंजिनाचे सिलिंडर आठ, चार या अंगाला, चार त्या अंगाला. आणि सगळ्यांचा भार माझ्या एकट्याच्या गळ्यात. लांब, सरळ रस्त्यावर मी तापायचो, हवाही तापायची, आणि तापलेली हवा इंजिनाला मानवत नाही. जोडीतले दोघे चार-चार वाटून घेतात, म्हणून शेवटपर्यंत दमत नाहीत. पण त्यांचे पट्टे दोन, नळ्या दुप्पट, गाडीच्या नाकावर वजन जास्त. एक जरा मागे पडला की दुसऱ्याची ओढाताण. वळणावळणाच्या मैदानावर मी हलका होतो, हजरजबाबी होतो.

भावजींना मात्र जोडीची भुरळ पडली. आपणही जोडी बसवू, असं ते वहिनींना म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "छान चाललंय की. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?"



मोठ्या शर्यतीच्या सकाळी भावजी पाना घेऊन माझ्यापाशी आले. मला वाटलं, नेहमीसारखा पट्टा ताणून बघतील. त्यांनी तो सैल केला.

शर्यतीत पट्टा घसरू लागला, किंचाळू लागला. मी जीव तोडून फिरू पाहत होतो, पण मला फिरवणाराच निसटत होता. पहिल्या असलेल्या वहिनी पाचव्या आल्या. उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "ऐन वेळी दगा दिला मेल्याने!"

भावजी खाली बघत म्हणाले, "बेअरिंग गेलंय वहिनी त्याचं."

मला तोंड असतं तर! ज्या हातांनी मला पुसून बसवलं, त्याच हातांनी माझ्या माथी खापर फोडलं.

गाडीवर जोडी बसली. मी फळीवर गेलो.

एकदा पक्कड शोधताना वहिनींचा हात माझ्या पुलीला लागला. त्यांनी ती सहज फिरवली. ना खडखड, ना अडखळ. त्यांनी मला खाली उतरवलं आणि कान लावून पुन्हा फिरवली.

"भावजी, बेअरिंग गेलेला असा फिरतो?"

भावजी हातातलं फडकं पिळत राहिले. "पट्टा मीच सैल केला होता," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही ऐकतच नव्हता. आता बघा ना, गाडी केवढी पळते!"

"पळते. तुमचं म्हणणं बरोबरच होतं." वहिनींचा आवाज बारीक झाला. "अजून एकदा म्हणाला असतात तर ऐकलंही असतं मी. पण तुम्ही पट्टा सैल केलात, आणि आत मी बसले होते, भावजी."

मित्रांनो, मी पुन्हा गाडीवर चढलो नाही. जोडीचा काहीच दोष नव्हता. तिला काढून मला बसवण्यात काय अर्थ? फरक पडला तो एवढाच. शर्यतीआधी आता वहिनी स्वतः बॉनेट उघडतात आणि दोन्ही पट्टे अंगठ्याने दाबून पाहतात. "मी बघू का?" असं भावजी विचारतात. "नको," वहिनी म्हणतात. मग ते बाजूला उभे राहतात.

म्हणून माझी एक विनवणी आहे. नवं हवंसं वाटलं तर तसं उघड बोला, आणि जुनं खुशाल काढा. पण काढण्यासाठी त्याला खोटं पाडू नका. आम्हांला आपली बाजू मांडता येत नाही, आणि तुम्ही सांगाल तेच लोक खरं धरतात.