नाव तेवढं बदललेलं

तान्हं झोपल्यावर घरात पसरलेली शांतता दाराच्या कडीनं मोडली. दोनच ठोके. समिना उठली. समुपदेशक संघाचं सदस्यत्वाचं प्रमाणपत्र कालच भिंतीवर लावलं होतं, ते जरा तिरकं दिसलं. जाता जाता तिनं सरळ केलं.

दारात वृषाली. हाताशी सात वर्षांची राजनंदिनी. काखेत बाळ नव्हतं.

"बाळ कुठंय गं?"

"सासूबाईंनी काढून घेतलं. म्हणल्या, पोर कालव्यात टाकायला निघालेलीच्या हातात कोण दिल? मला आन् हिला डाळजला म्हायेरी घालवलं."

कालव्याची गोष्ट वृषालीनं जगात एकट्या समिनाला सांगितली होती. बाळंतपणात जुळ्यातलं एक गेलं, झोप उडाली, आणि एका दुपारी ती उरलेल्याला घेऊन कठड्यापर्यंत गेली. तिथून परत फिरली. सहा महिने बारामतीला समिनाकडं येऊन, बोलून बोलून, ती पुन्हा हसायला लागली होती.

संघात घेताना एक प्रकरण सभेत वाचावं लागतं. समिनानं 'रुग्ण क्ष' लिहिलं. अध्यक्ष विजयसिंह सर कागद चाळून म्हणाले, "तपशील घाला, वजन येत न्हाय." मग तिनं घातले: जुळं, पेरूची बाग, घरामागं कालवा, सासू माजी सरपंच. पुण्यात खपलं असतं. इंदापूर-बारामतीकडं एवढ्यावर लोक शेताचा गट नंबर सांगतात.

"आरं, ही तर आमच्या कळसच्या धोंडाबाईंची सून!" सर भर सभेत बोलले. हशा पिकला. समिनाही हसली, ओशाळून, पण हसली.

दुसऱ्या दिवशी ती संघाच्या आचारसंहिता समितीकडं तक्रार घेऊन गेली. समितीवरही सरच. "नाव मी घेतलं, समिनाताई, पण वळख तुमी दिली. तक्रार दोघांवर करू का?" त्यांनी प्रमाणपत्र पुढं सरकवलं. तिनं ते घेतलं.

"मी येते कळसला," समिना आता घाईनं म्हणाली. "सांगते, तू बरी आहेस."

"तुमचाच कागद हाय सासूबाईंच्या मोबाइलात. गावभर फिरतोय." वृषालीची नजर भिंतीवर गेली. "ह्याच्यासाठी व्हय, ताई?"

"नाव बदललं होतं गं मी."

"नाव तेवढं माझं न्हवतं. बाकी समदं माझंच."

आत समिनाचं तान्हं रडून उठलं. तो आवाज ऐकताच वृषालीचा ब्लाउज छातीशी ओला होत गेला. तिनं पदर ओढून घेतला.

राजनंदिनी मघापासून ते प्रमाणपत्र निरखत होती.

"मावशी, आईची गोष्ट सांगितली म्हणून तुमाला ह्ये दिलं. आता आमी कंची गोष्ट सांगू, म्हंजी आमचं बाळ देत्याल?"