आनंदीबाईंनी खाली पाहिलं

मी एक कीबोर्ड बोलतोय. सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे; मी आपला पाठीवर पडून माणसांच्या हनुवट्या आणि छताचा पंखा बघत आलोय.

जन्म कुठला ते ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर आलो तो अठ्ठ्याण्णव साली, रत्नागिरीच्या एका आंबा बागायतदार संस्थेच्या कचेरीत. माझ्या अंगावर अक्षरं इंग्रजी, पण तिथल्या टायपिस्ट आनंदीबाईंनी ‘के’चं बटण दाबलं की पडद्यावर म्हणे काना उमटायचा. म्हणे, कारण पडदा मला कुठला दिसायला? हे घडतं कसं, याचं मला भारी कुतूहल.

आनंदीबाई मूळच्या टाइपरायटरवरच्या. नजर कागदावर, बोटं माझ्यावर. त्यांच्या नखावरचा आमसुलाचा डागसुद्धा माझ्या ओळखीचा, चेहरा मात्र हनुवटीपुरताच. सहा वर्षांत त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही.

मग कॉम्प्युटरची कामं करणारी सावर्ड्याची मनस्विनी सीडी घेऊन आली. सगळ्या कॉम्प्युटरांत नवी सिस्टीम घालायची होती. शिपाई भिकाजीने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, “बा म्हाराजा, ह्यो नवा पाव्हना आलाय, त्याला सांबाळून घे.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मग नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्या एंटरवर उडालं आणि तो पुढे बरेच दिवस चिकटत राहिला.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई ‘काम’ लिहायला गेल्या आणि भलतंच काहीतरी उमटलं म्हणे. मी तर नेहमीचाच होतो.

“काकू, जुना फॉन्ट यात नाही चालत. अक्षरांच्या जागा बदलल्यात,” मनस्विनी म्हणाली.

“जागा बदलल्या गो, पण बोटं कुठून बदलून आणू?”

सचिव श्रीपतराव हळूच म्हणाले, “वार्षिक सभेचा अहवाल करायचाय. नाही जमलं तर बाहेर डीटीपीवाल्याकडे देऊ. तुम्ही आवक-जावकच्या टेबलावर बसा.”

आनंदीबाईंनी माझ्यावरची बोटं उचलून घेतली. आयुष्यभर टायपिंग केलेल्या बाईला आता पाकिटांवर शिक्के मारायला बसवणार होते.

मनस्विनीने माझ्या बटणांवर मराठी अक्षरांचे इवलेसे स्टिकर चिकटवले. गुदगुल्या झाल्या. आणि मग आनंदीबाईंनी खाली पाहिलं.

जाड भिंगांचा चष्मा, भुवईजवळ तीळ, पुटपुटणारे ओठ. “ळ कुठे मेला?” जेवणाच्या सुट्टीतही त्या माझ्यावर अक्षरं शोधत बसायच्या. खोटं कशाला बोलू, अडचण त्यांची होती आणि चंगळ माझी. पण त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

हळूहळू बोटांना वाटा सापडल्या. शेवटी राहिला ‘ज्ञ’, पाचाच्या डोक्यावर बसलेला. तोही सापडला. अहवाल त्यांनीच टाइप केला, खुर्ची त्यांचीच राहिली, आणि नजर पुन्हा कागदावर गेली. मला आनंद झाला, आणि एकटंही वाटलं.

आता माझे स्टिकर झिजलेत. शेजारी नवा कीबोर्ड खोक्यात तयार आहे. त्याच्याकडे अधूनमधून बघत जा, एवढंच माझं गाऱ्हाणं.

काल आनंदीबाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी संस्थेच्या आभाराच्या चार ओळी टाइप केल्या. शेवटचा शब्द होता ‘कृतज्ञ’. ‘ज्ञ’ची जागा बोटाला पाठ होती. तरी त्या थांबल्या, आणि त्यांनी खाली पाहिलं.