हमादीची मिशी आणि हरिसाचा डबा

हमादी न्हाव्यानं स्वतःचे अकरा फोटो काढले आणि अकराही फोटोंत त्याला तोंड नव्हतं. टक्कल ठळक, कान ठळक, पण नाकाखाली मिशीसकट नुसतं धुकं. कॅमेरा म्हणजे हरिसाचा, तिखट मिरचीच्या चटणीचा, रिकामा डबा: आत फोटोचा कागद, बाहेर सुईचं भोक, भोकावर चिकटपट्टी. पट्टी काढायची आणि सहा मिनिटं डब्यासमोर बसायचं. जे हलेल ते पुसलं जाणार. आणि हमादीचं तोंड झोपेतही हलायचं, हे अख्ख्या बिझर्त शहराला ठाऊक होतं.

हा नाद लावला त्याच्या शनिवारच्या गिऱ्हाइकानं, चित्रकलेच्या मास्तरांनी. नाद लावून वर भर दुकानात, नावाआधी मानाचं 'सी' लावून म्हणाले, "सी हमादी, सहा मिनिटं गप्प बसणं तुमच्या नशिबात नाही."

"मंगळवारी तोंडासकट फोटो दाखवतो! नाही दाखवला तर ही मिशी याच वस्तऱ्यानं उतरवीन!"

दुकानानं टाळ्या पिटल्या. चाळीस वर्षांची मिशी होती ती. लग्नात लोकांनी नवरीआधी तीच पाहिली होती.

सोमवारी न्हाव्यांची दुकानं बंद. कागद एकच उरलेला. हमादी खुर्चीत बसला, बायको बेया घड्याळ घेऊन स्टुलावर. तिनं पट्टी काढली.

"आता खरंच बोलणार नाहीस?"

हमादीनं ओठ घट्ट मिटले होते.

"मग मीच बोलते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुझं तोंड बंद सापडलंय. आपली सलवा दर शुक्रवारी लियाँहून फोन करते. तू पोरीला गल्लीभरच्या बातम्या देतोस आणि माझ्या हाती फोन येतो तो 'ठेवते गं आई' ऐकायला. तुझी ती फुटबॉलची गोष्ट तर मी इतक्यांदा ऐकलीय, की शेवटचा गोल मीच मारला असता." बेया थांबली. "मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंना माझ्या छातीत गाठ लागली."

हमादीची पापणीही हलली नाही.

"तीनदा सांगायला आले. तिन्ही वेळा तू कुणाच्या तरी दाढीची गंमत सांगत होतास. गाठ साधी निघाली. पण अकरा दिवस मी एकटी होते, हमादी. तू शेजारीच होतास, बोलत."

त्याला ओरडावंसं वाटलं. पण आता मध्ये तोंड घातलं तर ही पुन्हा कधी बोलायची नाही, या भीतीनं तो गप्प राहिला. मिशी आठवलीही नाही त्याला. बेया बोलली, रडली, त्याच्याच टॉवेलनं नाक पुसून पुन्हा बोलली. दोघं भानावर आली तेव्हा पाऊण तास झाला होता आणि डब्याचं भोक उघडंच होतं.

कागद धुतला, तर कोळशासारखा काळा. इतक्या उजेडानं टक्कलसुद्धा जाळून टाकलं होतं.

मंगळवारी दुकान खचाखच. मास्तरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "काय सी हमादी, नाही ना राहवलं?"

हमादीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. दारात बेया त्याचा जेवणाचा डबा घेऊन उभी होती. त्यानं तोंड मिटलं, ओठावर साबण फासला आणि वस्तरा उचलला. दुकान ओरडत होतं, हसत होतं. तो एक शब्द बोलला नाही.

नाकाखालची नागडी, गोरी पट्टी बेयानं नीट न्याहाळली आणि ती मास्तरांकडे वळली.

"मास्तर, आणखी कागद आहेत का हो? माझी अजून वीस वर्षं सांगायची राहिलीत."