करवंदीच्या जाळीचा धूर

होंडुरास हा देश नकाशात कुठे येतो, हे सत्त्याण्णव सालापर्यंत जमालुद्दीनला ठाऊक नव्हतं. बहारीनमध्ये, मनामा शहरातल्या एका लहानशा कन्सल्टन्सीत तो बरीच वर्षं टायपिंग करत होता. त्या वर्षी ऑफिसकडे त्या देशाचं काम आलं. तिथलं झुडपी रान दरवर्षी किती जळतं आणि त्यातून मिथेन नावाचा वायू किती निघतो, याचे वर्षवार तक्ते करायचे होते. हाताने लिहिलेले कागद यायचे, जमालुद्दीनने आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे आणि पुण्याचे इंजिनियर सदानंद ते तपासायचे.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, एसी चालू असताना, त्याला धुराचा वास आला. वायर जळतेय असं वाटून तो टेबलाखाली वाकला, प्लग पाहिला, पॅन्ट्रीत फेरी मारून आला. पण वास वायरचा नव्हता. करवंदीची हिरवी जाळी पेटली की चिकाचा कडवट, घशाला बसणारा धूर येतो, तसा होता. सोळा वर्षांत तो वास त्याच्या नाकाला शिवला नव्हता.

सदानंदांना विचारलं तर ते म्हणाले, मआमीरकडून वारा असेल, तिकडच्या कारखान्यांचा वास येतो कधीकधी. मिथेनला तर वासच नसतो.

मग तो वास रोजचाच झाला. तक्ता उघडला की हटकून यायचा. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी जमालुद्दीन मुद्दाम बसने मआमीरला गेला आणि रस्त्याच्या कडेला तासभर उभा राहिला. तिथे तेलाचा वास होता, गंधकाचा होता, डोळे चुरचुरत होते. करवंदीचा नव्हता. परत झिंजला, आपल्या घराकडे येताना मात्र बसमध्ये तो आला, आणि या वेळी त्याच्या स्वतःच्या शर्टातून आला. घरी बायकोने, नूरबानोने, शर्ट नाकाशी धरला आणि नुसता साबणाचा वास येतोय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सदानंदांनी त्याला बोलावून घेतलं. तक्त्यात एका वर्षाची चौकट कोरी राहिली होती. त्या वर्षाचे कागद सापडत नाहीत असं तिकडून कळलं होतं. मागच्यापुढच्या वर्षांची सरासरी टाक आणि काम संपव, असं त्यांनी सांगितलं. जमालुद्दीन खुर्चीत बसला, पण त्याची बोटं चालेनात.

"साहेब, रान जळलं असेल तर कुणीतरी बघितलं असेलच ना?" तो म्हणाला.

सदानंदांनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, रागावले नाहीत, आणि तो आकडा स्वतःच टाकला.

त्या संध्याकाळी त्याने नूरबानोला सगळं सांगितलं. एक्याऐंशीच्या एप्रिलात, दापोलीकडच्या त्यांच्या गावी, दुपारी चारच्या सुमाराला तो डोंगराच्या पायथ्याला भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे जमिनीवर पसरलेला पालापाचोळा, भाजत होता. वारा फिरला आणि आग वर करवंदीच्या रानात शिरली. वर गावातलीच खदिजाबी लाकडं वेचत होती. जमालुद्दीन पळत घरी आला आणि स्वतःला कोंडून बसला. खदिजाबी भाजून तिसऱ्या दिवशी गेली. पंचनाम्यात वणवा लिहिलं गेलं, कारण समजून आलं नाही असं. दहा दिवसांनी त्याचा व्हिसा आला आणि तो बहारीनला निघून आला.

नूरबानो एवढंच म्हणाली, "तिच्या लेकीला सांगा."

खदिजाबीची लेक बानू अजून गावातच राहत होती. घरी फोन नव्हता. त्याने गावातल्या दुकानात फोन लावून तिला बोलावून आणायला सांगितलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा लावला. मनात जुळवलेली वाक्यं सगळी विसरली. राब मी पेटवला होता, एवढंच तोंडातून निघालं.

"आमाला ठावं हाय," बानू म्हणाली. "आयेन सांगितलान. तिनं वरनं बघितलान तुला. म्हणाली, पोराला व्हिसा येनार हाय, कुनाला बोलू नुको."

जमालुद्दीनने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तिनं हाक मारलीन तुला," बानू पुढे म्हणाली. "नाव घेऊन. दोनदा. तुला ऐकू आली होती काय?"

खोटं बोलणं सोपं होतं. पलीकडे दुकानात कुणीतरी साखर मागत होतं, ते त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"आली होती," तो म्हणाला.

"आये म्हनायची, त्याला ऐकू गेली नसंल. ऐकू गेली असती तर आला असता," ती हळूच म्हणाली. "तसंच समजून गेली ती. बरं झालं." आणि तिने फोन ठेवला.

रिपोर्ट सरासरीच्या आकड्यासह वेळेवर रवाना झाला. धुराचा वास पुन्हा कधी आला नाही. पण आता सुट्टीच्या दिवशी घरी असला की दुपारी चारच्या सुमाराला, गल्लीत माणूस नसताना, जमालुद्दीन हातातलं काम टाकून उठतो आणि दार उघडून बाहेर बघतो. पहिल्यांदा नूरबानोने कोण आलंय म्हणून विचारलं होतं. हल्ली विचारत नाही. तो उंबऱ्यावर उभा राहून रिकाम्या गल्लीला "आलो, आलो" म्हणतो, आणि चपला घालायला वाकतो.