मधे कुणी उभं राहायचं नाही

पाचवीच्या बाईंना आपल्या दोरीच्या खेळाचा भारी अभिमान होता. बाकं भिंतीला लावायची, फरशीवर लांब दोरी अंथरायची, तिच्या कडेने शून्यापासून पाचपर्यंत खडूची घरं आखायची आणि मुलांच्या हातात दशांश संख्यांच्या चिठ्ठ्या द्यायच्या. २.३ वाल्याने दोनच्या घरात पळायचं, २.७ वाल्याने तीनच्या. बरोबर मध्यावर अडकला, तर पुढच्या घरात. "मधे कुणी उभं राहायचं नाही!" असं बाई ओरडल्या की फळ्याकडे बघून जांभया देणारी मुलंसुद्धा किंचाळत सुटायची. शेजारच्या वर्गाचे सर नाक मुरडायचे, पण बाई कुणाला भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या.

सोमवारी त्यांनी गृहपाठ दिला. घरात एक दशांश संख्या शोधा आणि तिला जवळच्या घरात पोचवा.

मंगळवारी पहिल्याच तासाला त्या वह्या घेऊन बसल्या. दुधाची पिशवी, थर्मामीटर, कुणाच्या बाबांच्या चष्म्याचा नंबर. बाईंना हुरूप आला. मग चिमणीची वही हाती लागली. आवाज एवढासा, म्हणून सगळा वर्ग तिला चिमणीच म्हणायचा. सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'बाळाचं औषध ०.६. जवळचं घर १. आज सकाळी तसंच दिलं.'

 चिमणीचा भाऊ चार महिन्यांचा आणि औषध त्याच्या हृदयाचं, हे बाईंना ठाऊक होतं.

"चिमणे, इकडे ये. बाळाला औषध कोण देतं गं?"

"मी. आई सहालाच कामाला जाते. आजोबांना सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत."

"आज किती दिलंस?"

"एक. रोज पॉइंट सहा द्यायचे, पण ते तर मधेच राहतं ना, बाई!"

शाबासकीची वाट बघत ती उभी राहिली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेलं काय आणि उलटे झाले पाय! आईचा फोन कुणी उचलेना. तिच्या पॅकिंगच्या कारखान्यात फोन बाहेर जमा करून घेतात. आजोबांकडे तर फोनच नव्हता. नाक मुरडणाऱ्या सरांवरच वर्ग टाकून, चिमणीचा हात धरून बाई पळत सुटल्या.

"मी चुकले का, बाई?" ती धापा टाकत विचारत होती. बाईंनी पाय आणखी उचलले. 

तिसऱ्या मजल्यावर आजोबांनी दार उघडलं आणि हसून म्हणाले, "हळू बोला हं. आज शहाण्यासारखा झोपलाय. दुधालासुद्धा उठला नाही."

 बाळाचे ओठ पांढुरके दिसत होते. बाईंनी गालाला हात लावला, हलवलं, नावाने हाका मारल्या, तरी ते डोळे उघडेना. औषधाची बाटली पर्समध्ये टाकून, बाळाला छातीशी धरून त्या चिमणीसकट खाली धावल्या आणि दिसली ती गाडी थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, बाटली वाचली आणि चिमणीकडे वळल्या. "किती दिलं होतंस गं?"

चिमणीने बाईंचा चेहरा पाहिला आणि खाली बघून म्हणाली, "पॉइंट सहा."

"नक्की? मग नाडी इतकी का मंदावली? दुसरंच काहीतरी शोधावं लागेल."

 नोकरी, मुख्याध्यापक, लोकांची तोंडं, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. पॉइंट सहाच खरं असतं तर किती बरं, असंही वाटलं. त्या विचाराची त्यांना शिसारी आली.

"एक दिलंय," त्या म्हणाल्या. "मी शिकवलं तसं. चूक माझी आहे."

बाळाला आत नेलं आणि दार बंद झालं. तासाभराने निरोप मिळालेली आई कामावरच्या एप्रनमध्येच धावत आली. तिची नजर त्या दारावरच खिळलेली होती. अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "नाडी सुधारतेय. आकडा खरा कळला म्हणून बरं झालं. आज इथेच राहू दे."

आई मटकन बाकावर बसली. बाईंनी तिला सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. आईने पदरासारखं एप्रनचं टोक तोंडाला लावलं.  चिमणी भिंतीला चिकटून रडत होती. आईने आपल्याला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं बाईंना वाटत होतं.

"काल संध्याकाळी मी तिला सांगितलं होतं," आई म्हणाली, "औषधाचा खेळ करायचा नाही. तर म्हणाली, तुला काय कळतंय, बाईंनी सांगितलंय." तिने डोळे पुसले. "उद्या तुम्हीच समजावा तिला. माझं ऐकणार नाही ती. तुमचं सगळं ऐकते."

वर्गात अशी एकोणचाळीस मुलं होती. बाईंना पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली.