चार वरखडे

मी एक जुना दरवाजा आहे. आखाडा बाळापूरच्या बाजारामागच्या गल्लीत, अल्लाबक्ष रंगाऱ्याच्या घराला लावलेला. मित्रांनो, मला दोनच कामं येतात. उघडणं आणि संशय घेणं. पहिलं लोक माझ्याकडून करून घेतात. दुसरं मी मनाने करतो.

खर्र.

हा ग्यानबा सुताराचा पत्रा. साल अठ्ठेचाळीस, दिवस उन्हाळ्याचे. तो मला वरून खाली खरवडतो आहे, म्हणून माझी गोष्ट तुकड्यांनीच गळेल. पडेल तशी वेचून घ्या.

खर्र.

चौतीस साल. ह्याच ग्यानबाने सागाच्या फळ्या जोडून मला उभं केलं. "रंग मी देतो," अल्लाबक्ष म्हणाला. त्याने रंगवलेले फेटे औंढ्याच्या जत्रेतल्या गर्दीतही ओळखू यायचे. पण माणूस कापडाचा. त्याने लुगड्यांचा हिरवा रंग जवसाच्या तेलात कालवला आणि मला फासला. कापड रंग पितं, लाकूड पीत नाही. दोन पावसाळ्यांत मला पोपडे आले. गल्ली हसली. अल्लाबक्षने हट्टाने तोच रंग पुन्हा दिला, मग पुन्हा. पोपड्यावर पोपडा.

खर्र.

हा तुकडा कुणाला दाखवू नका.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत अल्लाबक्ष मला खांद्याने ढकलून आत शिरायचा. मग एके दिवशी त्याची बोटं आधी माझ्यावर फिरली. पोपडा सापडला, मगच त्याने ढकललं. दुसऱ्या दिवशीही तसंच. गल्लीतले बाकीचे दरवाजे गुळगुळीत, खरखरीत मी एकटा. मला कळलं. म्हाताऱ्याची नजर गेली होती.

त्याने घरात सांगितलं नाही. समोरच्या हरिचंदची नजर गेली तेव्हा घरच्यांनी मायेने त्याला परसातल्या खाटेवर बसवलं. तो पुन्हा गल्लीत दिसला नाही. अल्लाबक्षला खाट नको होती. त्याला मशिदीपर्यंतची शंभर पावलं हवी होती, एकट्याची. ती माझ्या पोपड्यांवर चालत होती.

आणि आता त्याची सून, नासेरची बायको हाजराबी, उंबऱ्यात उभी राहून म्हणते आहे, "पुरा खरवडा, ग्यानबाभाऊ. एक पोपडा ठेवू नका."

"चौदा वर्षांनी काहून आठवण झाली, बाई?"

"सारी गल्ली हसून राहिली."

माझा विश्वास बसला नाही. गेल्याच आठवड्यात तिने सासऱ्यापुढे दोन ओढण्या धरल्या होत्या. "अब्बा, कोणती बरी?" तो म्हणाला, "दोन्ही बऱ्या." तिने ओढण्या जरा जास्तच वेळ त्याच्या डोळ्यांपुढे धरून ठेवल्या होत्या. रझाकारांच्या धामधुमीच्या त्या उन्हाळ्यात गावात जो तो दुसऱ्याकडे संशयाने वळून बघत होता. मी तर दरवाजा. मला वाटलं, हिला सासऱ्याची नजर पारखायची आहे.

खर्र. शेवटचा तुकडा पडला. आता बोलायला जुनं काही उरलं नाही.

दुपारी ग्यानबाने मला हिरवागार केलं. जाड, तेलकट, गुळगुळीत.

मावळतीची नमाज आटोपून अल्लाबक्ष आला. बोटं माझ्यावर टेकली, घसरली. हे आपलं दार नव्हे, असं समजून तो पुढे गेला. गल्लीच्या टोकाहून परतला. पुन्हा मला ओलांडलं. शेवटी शेजारच्या गोजरबाईच्या दारापुढे उभा राहून खाकरला.

गोजरबाई बाहेर आली. "काहून बाबा, आमच्याकडं जेवता का आज? पिठलंच हाय, आधीच सांगते."

"न्हाई बाई," चिकट बोटं एकमेकांवर चोळत तो म्हणाला. "आमच्या दाराला ओला रंग हाय ना. हात लागायला नको म्हणून इथं थांबलो."

हाजराबी माझ्या आडून सगळं बघत होती. म्हाताऱ्याची चारही बोटं पेरापर्यंत हिरवी झाली होती. माझ्या अंगावर चार ओल्या रेघा. तिने बोटं पाहिली. मग मला पाहिलं. संपलं, मी म्हटलं. आता खाट.

तिने माझी कडी दोनदा वाजवली. "अब्बा, या आत. दार उघडंच हाय."

आवाजाच्या रोखाने तो आला. तो आत गेल्यावर ती बाहेर आली, गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली आणि स्वतःची चार बोटं त्या रेघांत घालून जोराने ओढली. पुन्हा ओढली, लाकूड लागेपर्यंत. नवऱ्याला दाखवायला पुरावा पक्का करते आहे, असं मला वाटलं. दुसरं काय वाटणार? मी संशयावरच वाढलेला.

सकाळी ग्यानबा उरलेला रंग घेऊन आला. "अरारा! कोणाच्या लेकरानं केलं हे?"

"राहू द्या, भाऊ."

"काहून? एक हात मारतो, मिटून जाईल."

"म्हणूनच राहू द्या."

ग्यानबा माझ्याकडे बघत राहिला, मग ब्रश पुसून निघून गेला. नासेरशी ती ह्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

मित्रांनो, जुनं दार जरूर रंगवा. पण खरवडण्याआधी एकदा डोळे मिटून त्यावर हात फिरवा. त्या खरखरीत जागेवर कुणाची तरी वाट असेल. आणि रंगवून घेणाऱ्याबद्दल मनात वाईट धरण्याआधी रंग वाळू द्या. मी धरला नाही दम. माझ्या अंगावरचे चार वरखडे त्याची मला रोज आठवण देतात.

ग्यानबा परत गेला त्या संध्याकाळी अल्लाबक्षची बोटं आली, चाचपडली, वरखड्यांत बसली आणि थांबली. हाजराबी आतूनच, चूल फुंकत म्हणाली, "अब्बा, ग्यानबाभाऊनं रंग बराबर न्हाई मारला. दारावर चार वरखडे राहून गेले."

"व्हय," अल्लाबक्ष म्हणाला. "दिसले मला."

आणि त्याने मला खांद्याने ढकललं.